युक्रेनमधले तंत्रज्ञान परवान्यावर घ्यायचे असेल तर : नवख्यांसाठी पायरीपायरीने

मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिकांमधली गॅस टर्बाइन युक्रेनच्या मिकोलाइव्ह शहरातल्या झोर्या-माशप्रोएक्त या कारखान्याची आहेत. २०२२ मध्ये हे शहर महिनोन्महिने माऱ्याखाली होते. २०२४ मध्ये पुण्याच्या भारत फोर्ज समूहाने याच कारखान्याच्या भारतातल्या कंपनीत निम्म्याहून अधिक हिस्सा घेण्याचे जाहीर केले. मोठ्या घराण्यांना हे जमते, कारण कागद तपासायला त्यांच्याकडे माणसे असतात. पण हल्ली भोसरी, सातपूर, वाळूज इथले लहान कारखानदार आणि नव्याने कंपनी काढलेली मुलेही विचारतात: तिकडचे कृत्रिम हाताचे तंत्र, सुरुंग शोधणारे यंत्र, बॅटरीची साठवण व्यवस्था किंवा शेतावर फिरणाऱ्या ड्रोनचे सॉफ्टवेअर आपल्याला परवान्यावर मिळेल का? सुरुवात कुठून करायची?

हा लेख त्यांच्यासाठी आहे. तंत्रज्ञानाचे परवाने हेच माझे काम, त्यामुळे कायद्याच्या पुस्तकापेक्षा कामाच्या क्रमाने लिहितो. माझे मत आधीच सांगतो. युद्धाच्या काळात पेटंटचा कागद तपासायचा असतो आणि पैसे मोजायचे असतात ते माणसांच्या हातात आणि डोक्यात असलेल्या ज्ञानाचे. नवखी माणसे कागदाचे पैसे देतात आणि ज्ञान फुकट मिळेल असे धरून चालतात. बहुतेक व्यवहार तिथेच फसतात.

युद्धात हक्कांचे काय होते

पहिल्या महायुद्धात अमेरिकेने शत्रूराष्ट्राच्या नागरिकांची मालमत्ता ताब्यात घेण्याचा कायदा केला आणि जर्मन कंपन्यांची पेटंटे, ट्रेडमार्क सगळे जप्त झाले. बायर कंपनीची अमेरिकेतली मालमत्ता डिसेंबर १९१८ मध्ये लिलावात निघाली आणि स्टर्लिंग प्रॉडक्ट्सने ती सुमारे ५३ लाख डॉलरला घेतली. अ‍ॅस्पिरिनच्या गोळीवरचे ‘बायर’ हे नाव अमेरिकेत पुन्हा आपले करून घ्यायला मूळ बायरला १९९४ साल उजाडले. त्यासाठी तिने एक अब्ज डॉलर मोजले.

आताच्या युद्धात रशियाने ६ मार्च २०२२ रोजी ठरवले की ‘मित्र नसलेल्या’ देशांतल्या पेटंटधारकाचा शोध सरकारने संमतीशिवाय वापरला तर त्याला भरपाई शून्य टक्के. युक्रेनने केले ते वेगळे. १ एप्रिल २०२२ रोजी तिथल्या संसदेने कायदा करून २४ फेब्रुवारीपासूनच्या बौद्धिक संपदेच्या मुदतींचे घड्याळ थांबवले. शुल्क भरायचे राहिले, उत्तर द्यायचे राहिले, आक्षेप घ्यायचा राहिला, तरी लष्करी कायदा लागू असताना हक्क बुडणार नाही, असे त्यात ठरले. ज्यांच्या घरावर बॉम्ब पडत होते त्यांना नूतनीकरणाच्या तारखेची चिंता नको, हा त्यामागचा हेतू.

तुमच्यासाठी याचे दोन अर्थ होतात. नोंदवहीत मेलेले दिसणारे पेटंट प्रत्यक्षात जिवंत असू शकते. आणि ज्यावर कुणीच आक्षेप घेतलेला नाही अशा हक्कावर तो नंतर येऊ शकतो. अशा सवलती कायमच्या नसतात, म्हणून करारावर सही करण्याच्या आठवड्यात नोंदवहीचा ताजा उतारा मागवायचा आणि त्या दिवशी मुदतींची स्थिती काय आहे ते तिथल्या पेटंट वकिलाकडून लेखी घ्यायचे. उताऱ्यासाठी जायचे ते युक्रेनच्या राष्ट्रीय बौद्धिक संपदा आणि नवोन्मेष कार्यालयाकडे. ८ नोव्हेंबर २०२२ पासून हे काम त्यांच्याकडे आले. जुन्या कागदांवर ‘उक्रपेटंट’ असे नाव दिसेल, त्याने गोंधळू नका.

पहिली पायरी: समोर आलेले पान वाचायला शिका

समोरचा माणूस तुम्हाला एक पीडीएफ पाठवतो आणि म्हणतो, हे आमचे पेटंट. भाषा येत नाही म्हणून बहुतेक जण ते मिटून ठेवतात. तसे करू नका. पहिल्या पानावर प्रत्येक माहितीच्या आधी कंसात किंवा गोलात दोन अंकी क्रमांक असतो आणि ते क्रमांक जगभर सारखे असतात. ११ म्हणजे दस्तऐवजाचा क्रमांक. २२ म्हणजे अर्जाची तारीख. ३० च्या घरातले क्रमांक म्हणजे आधी दुसऱ्या देशात केलेल्या अर्जाचा तपशील. ५४ म्हणजे शोधाचे नाव, ७२ म्हणजे शोध लावणारे, ७३ म्हणजे मालक. एवढे सहा क्रमांक ओळखता आले तरी अर्धी तपासणी घरबसल्या होते.

समजा ७२ समोर पाच नावे आहेत आणि ७३ समोर खार्किव्हमधली एक संस्था. लगेच दोन प्रश्न उभे राहतात: हे पाच जण आज कुठे आहेत, आणि संस्था कुठून चालते आहे? खार्किव्हमधल्या भौतिकी-तंत्रज्ञान संस्थेसारख्या नामांकित संस्थेचेही मार्च २०२२ मध्ये माऱ्यात नुकसान झाले. इमारत गेली तरी हक्क राहतो. पण प्रयोगशाळेची वही, मोजमापांच्या नोंदी, साचे हे सगळे कुठे आहे ते विचारायलाच हवे.

आता ११ पुढच्या क्रमांकाला चिकटलेले रोमन अक्षर बघा. इंग्रजी ‘यू’ असेल तर ते पेटंट आपण समजतो तसले पेटंट नव्हे. ते युटिलिटी मॉडेल. युक्रेनमध्ये शोधाच्या पेटंटची मुदत २० वर्षे आणि युटिलिटी मॉडेलची १०. शिवाय युटिलिटी मॉडेल देताना त्यात नवे काय आहे याची खोलात तपासणी होत नाही. स्वस्त आणि झटपट असल्याने तिथली विद्यापीठे ती मोठ्या संख्येने घेतात. भारतात युटिलिटी मॉडेल हा प्रकारच नाही. म्हणून ‘आमच्याकडे बारा पेटंटे आहेत’ असे कुणी म्हटले की आधी त्यातली ‘यू’ किती ते मोजा. यात फसवणुकीचा वास घ्यायचे कारण नाही. त्यांच्या कायद्यात तो रीतसर हक्क आहे, फक्त तुमच्या किमतीच्या हिशेबात त्याचे वजन निराळे धरायला हवे.

दुसरी पायरी: तो हक्क भारतात आहे का?

पेटंट ज्या देशाचे, त्याच देशात चालते. कीव्हमध्ये दिलेले पेटंट चाकणच्या कारखान्याला ना अडवू शकते, ना संरक्षण देऊ शकते. भारतात हक्क हवा असेल तर युक्रेनमधल्या पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांत इथे अर्ज व्हायला हवा होता. किंवा आंतरराष्ट्रीय अर्जाच्या मार्गाने आले असतील तर ३१ महिन्यांत. युक्रेनने आपले घड्याळ थांबवले म्हणून चेन्नई, दिल्ली किंवा मुंबईच्या पेटंट कार्यालयातले घड्याळ थांबत नाही. २०२१ च्या हिवाळ्यात कीव्हमध्ये अर्ज केला, दोन महिन्यांत युद्ध सुरू झाले, माणसे निर्वासित झाली आणि परदेशातल्या तारखा निघून गेल्या, हे त्या काळातल्या कित्येक संशोधकांच्या वाट्याला आले आहे.

आपल्या पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोधाचे नाव, अर्जदार आणि शोधकर्ते अशा तिन्ही मार्गांनी शोधा. शोधकर्त्याच्या नावाची स्पेलिंगे दोन्ही वळणांनी टाका: मिकोला आणि निकोलाय, ओलेक्सांद्र आणि अलेक्सांदर. जुने कागद रशियन वळणाने लिहिलेले असतात, नवे युक्रेनी वळणाने.

भारतात अर्ज नाही असे निघाले तर? तंत्र इथे वापरायला तुम्हाला त्या पेटंटचा परवाना लागतच नाही. इथेच काही जण टाळी वाजवतात आणि पेटंटचे वर्णन उतरवून घेऊन काम सुरू करतात. कायद्याने ते चूक नाही. पण मी ते करू नका असेच सांगतो, आणि त्यामागे फक्त सद्भावना नाही. छापलेल्या वर्णनात यंत्र काय आहे ते असते, ते दहा हजारदा सारखे कसे बनवायचे ते नसते. कीव्हमध्ये सुरू झालेल्या एस्पर बायोनिक्सचा कृत्रिम हात घ्या, २०२२ मध्ये ‘टाइम’ नियतकालिकाने त्या वर्षीच्या उत्तम शोधांत त्याची गणना केली होती. अशा हाताची खरी ताकद धातूच्या बोटांत कमी असते. वापरणाऱ्याच्या स्नायूंचे संकेत ओळखत सुधारत जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती जास्त असते, आणि हात बसवून घेतलेल्या माणसांबरोबर केलेल्या कामात त्याहून जास्त. ते वर्णनात सापडत नाही. भारतात पेटंट नसलेला परवाना म्हणजे नो-हाऊचा, म्हणजे वस्तू प्रत्यक्ष कशी बनवायची या अनुभवातून आलेल्या ज्ञानाचा करार, आणि तो तसाच लिहा, तशीच त्याची किंमत धरा.

तिसरी पायरी: खरा मालक शोधा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यायची पायरी हीच. शांततेच्या काळातही मालकीचा माग काढणे किचकट असते. युद्धात माणसे विखुरतात, कंपन्या दुसऱ्या देशात नोंदवल्या जातात, भागीदार आघाडीवर जातात.

नोकरीत लावलेल्या शोधापासून सुरुवात करा. युक्रेनच्या कायद्यात कामगाराने शोध कळवल्यावर मालकाला चार महिन्यांत अर्ज करावा लागतो, नाहीतर तो गुपित म्हणून ठेवायचा की आणखी काय ते ठरवावे लागते. मालक गप्प बसला तर अर्ज करण्याचा हक्क शोधकर्त्याकडे जातो. म्हणजे कंपनी ‘आमचे’ म्हणत असलेला शोध कायद्याने एखाद्या अभियंत्याचा असू शकतो. शोध कळवल्याची तारीख आणि अर्जाची तारीख मागून घ्या.

सॉफ्टवेअरमध्ये १ जानेवारी २०२३ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवसापासून तिथे नवा कॉपीराइट कायदा लागू झाला आणि नोकरीत केलेल्या कामाचे आर्थिक हक्क, करारात वेगळे काही नसेल तर, मालकाकडे जातात. त्याआधी दिवाणी संहितेतली तरतूद निराळी होती: करार नसेल तर हक्क कामगार आणि मालक दोघांचे मिळून. म्हणून २०२३ च्या आधी लिहिलेल्या प्रत्येक भागासाठी लिहिणाऱ्याशी झालेला लेखी करार बघायचा.

तिथे अनेक प्रोग्रामर पगारी नोकर नसतात. वैयक्तिक उद्योजक म्हणून नोंदणी करून ते कंपनीला बिल देतात. तिथे या व्यवस्थेला ‘फॉप’ म्हणतात. अशा माणसाचा कोड आपोआप कंपनीचा होत नाही, हक्क हस्तांतराचा वेगळा कागद लागतो. कंपनी ‘दिया सिटी’ या आयटी कंपन्यांसाठी फेब्रुवारी २०२२ पासून असलेल्या विशेष व्यवस्थेत असेल आणि माणसे गिग करारावर (नोकरी आणि कंत्राट यांच्या मधल्या करारावर) असतील तर परिस्थिती बरी असते, कारण तिथे हक्क साधारणपणे कंपनीकडे येतात. तरी कागद मागाच.

पुढे पैसा कुणाचा ते. सरकारी अनुदान, विद्यापीठाचा प्रकल्प, युरोपीय संघाचा निधी किंवा एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्रेव्ह१’ या संरक्षण तंत्रज्ञानाच्या सरकारी मंचाची मदत घेतली असेल तर त्या अनुदानाच्या अटी वाचायला हव्यात. परदेशी परवाना देण्याआधी परवानगी लागते का, हाच तुमचा प्रश्न.

शेवटचा प्रश्न नाजूक आहे, पण टाळता येत नाही. काही जुन्या पेटंटांवर रशियातल्या संस्थांची सहमालकी असते. एकेकाळी एकाच देशात असलेल्या संस्थांनी मिळून केलेले ते काम. ३ मार्च २०२२ पासून युक्रेनमध्ये रशियाशी संबंधित व्यक्ती आणि संस्थांची देणी भागवण्यावर बंदी आहे. सहमालक रशियात असेल तर रॉयल्टीचा त्याचा वाटा जाऊ शकत नाही आणि त्याची संमतीही मिळत नाही. असे पेटंट कितीही चांगले असो, नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आणि सही करणारी कंपनी युक्रेनची आहे की अमेरिकेत, एस्टोनियात, पोलंडमध्ये नोंदवलेली तिची वरची कंपनी आहे, ते आताच ठरवून घ्या. कराचा सगळा हिशेब त्यावर बदलतो.

चौथी पायरी: लष्करी की नागरी

युक्रेनमध्ये आज सगळ्यात झपाट्याने पुढे गेलेले तंत्र ड्रोनचे आहे, म्हणून सगळ्यांच्या नजरा तिकडे. माझा आग्रह आहे की पहिला व्यवहार नागरी वापराच्या वस्तूचा करा. युद्धाच्या बहुतेक काळात तिथली शस्त्रनिर्यात जवळजवळ बंद राहिली आहे आणि आता उघडते आहे तीही सरकारच्या परवानगीने, निवडक भागीदारांसाठी. भारताचे रशियाशी संरक्षणाचे जुने संबंध तिथे सगळ्यांना ठाऊक आहेत. माल शेवटी कोण वापरणार, हा प्रश्न तुम्हाला विचारला जाईल आणि तो विचारणे रास्त आहे.

दुहेरी, म्हणजे नागरी आणि लष्करी अशा दोन्ही वापराच्या यादीत बसणारे तंत्र ई-मेलने पाठवले तरी ती निर्यातच. त्यामुळे आराखडे मागवण्याआधी समोरच्याने आपल्या निर्यात नियंत्रण सेवेकडे विचारणा केली आहे का ते बघा. इथून काही परत पाठवायचे असेल तर निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तू आणि तंत्रांची आपली ‘स्कोमेट’ यादी तपासा.

आणि लष्करी ड्रोनमध्ये पेटंटचा उपयोगही थोडा. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. शत्रूने रेडिओ लहरी अडवल्या की आघाडीवरच्या कार्यशाळेत काही आठवड्यांत नवी रचना तयार होते. प्रसिद्ध झालेला अर्ज तोवर जुन्या पिढीचा झालेला असतो.

सुरुंग काढणे, कृत्रिम अवयव, वीज साठवण, पडलेल्या इमारतींच्या मलब्यातून बांधकाम साहित्य, पटकन उभी राहणारी घरे, या गोष्टींना युद्ध चालू असतानाही मागणी आहे आणि नंतर तर आहेच. जागतिक बँक, युरोपीय आयोग, संयुक्त राष्ट्रे आणि युक्रेन सरकार यांनी मिळून फेब्रुवारी २०२५ मध्ये काढलेला पुनर्बांधणीचा अंदाज दहा वर्षांत ५२४ अब्ज डॉलरचा आहे. तुम्ही घेतलेल्या तंत्राची स्वस्त आवृत्ती उद्या त्यांच्याच बाजारात लागू शकते. हे करारात कसे आणायचे ते पुढे बघू.

पाचवी पायरी: ज्ञान इथे कसे आणायचे

नेहमीच्या करारात एक ओळ असते: परवाना देणारा आपले तज्ज्ञ दोन महिने पाठवेल. युक्रेनच्या बाबतीत ही ओळ लिहिण्याआधी थांबा. लष्करी कायद्याखाली १८ ते ६० वयाच्या पुरुषांना सहसा देश सोडता येत नाही. ऑगस्ट २०२५ पासून १८ ते २२ वयाच्या तरुणांना सूट मिळाली, पण तुमचा मुख्य अभियंता त्या वयाचा नसणार. एप्रिल २०२४ मध्ये सैन्यभरतीचे किमान वय २७ वरून २५ वर आणले गेले. अत्यावश्यक ठरलेल्या उद्योगांना आपली काही माणसे भरतीतून राखून ठेवता येतात. समोरची कंपनी त्या यादीत आहे का आणि ज्यांच्यावर तुमचे तंत्र उभे आहे ती माणसे राखलेली आहेत का, हे विचारा. प्रश्न विचारताना सूर सांभाळा, कारण कुणाच्या तरी जिवाबद्दल तुम्ही बोलत असता.

मग व्यवहारात काय करायचे? तुमची दोन माणसे पोलंडला पाठवा आणि तिकडून ज्यांना सीमा ओलांडता येते अशा अभियंत्यांना बोलवा. त्यात स्त्रिया बऱ्याच असतात. उरलेले शिकवणे व्हिडिओवर. प्रत्येक सत्र ध्वनिचित्रमुद्रित करा आणि मुद्रण दोघांकडे राहील असे ठरवा. ऑक्टोबर २०२२ पासून वीज यंत्रणेवर वारंवार हल्ले होतात, हिवाळ्यात तासन्‌तास वीज नसते. ठरलेल्या वेळी माणूस पडद्यावर आला नाही तर लगेच निरोपांचा भडिमार करू नका. वेळापत्रकात सैल जागा आधीच ठेवा.

एक काम पहिल्याच महिन्यात करून घ्या. सोर्स कोड, आराखडे, साहित्याची यादी, चाचण्यांचे आकडे, पुरवठादारांची नावे यांची प्रत तिसऱ्या देशातल्या एस्क्रो संस्थेकडे, म्हणजे ठेव सांभाळून ठरलेल्या अटींवरच ती सोडणाऱ्या तटस्थ संस्थेकडे ठेवा. ती कधी उघडायची ते नेमके लिहा: कंपनी बंद पडली, किंवा सलग इतके दिवस संपर्क झाला नाही, किंवा अमुक दोन माणसे काम करू शकत नाहीत. यात समोरच्याचाही फायदा आहे, त्याच्या ज्ञानाची एक प्रत माऱ्यापासून दूर राहते. मी हे कलम समोर ठेवतो तेव्हा तसेच समजावून सांगतो आणि त्यावर फारशी खळखळ होत नाही.

कागदपत्रे मागताना ‘तंत्रज्ञान पॅकेज’ असा मोघम शब्द लिहून भागत नाही. कृत्रिम हाताचेच उदाहरण घ्या. बोटाच्या सांध्याचा साचा, मोटारचा नमुना क्रमांक, गोंद कोणता आणि तो किती तापमानाला सुकवायचा, संवेदक त्वचेवर कुठे बसवायचा याचे फोटो, वाया गेलेल्या नगांची कारणे. शेवटची बाब सगळ्यात मोलाची असते आणि ती कुणी आपणहून देत नाही. मागावी लागते.

सहावी पायरी: पैसे

अडचणीतला माणूस कमी रकमेला हक्क सोडायला तयार होतो. तसे घेऊ नका. मला हे मनापासून वाटते, आणि धंद्याच्या दृष्टीनेही ते खरे आहे. नो-हाऊ कागदावर सही झाली म्हणून येत नाही, देणाऱ्याने मनापासून शिकवले तरच येते. नाडल्याची भावना राहिली तर तुमच्या फोनला उत्तर येणे थांबते, आणि त्यावर कुठल्याही न्यायालयाकडे उपाय नाही.

सुरुवातीला मध्यम रक्कम द्या, नंतर टप्प्यांवर पैसे: कागदपत्रे मिळाली, पहिला नमुना इथे चालला, ठरलेली चाचणी पार पडली. मग विक्रीवर रॉयल्टी. टप्पे लहान ठेवा, म्हणजे त्यांना नियमित पैसे मिळतात आणि तुमची जोखीम बांधलेली राहते. आगाऊ रक्कम ‘काम न झाल्यास परत’ या अटीवर देऊ नका. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनच्या मध्यवर्ती बँकेने परकीय चलन बाहेर पाठवण्यावर बंधने घातली. ती टप्प्याटप्प्याने सैल होत असली तरी परताव्याचे कलम कागदावरच राहण्याची भीती असते. त्यापेक्षा रक्कम तिसऱ्या ठिकाणी ठेवा आणि टप्पा पार पडल्यावर सोडा.

चलनाची अडचण परवाना घेणाऱ्यालाही आडवी येऊ शकते, याचा पुनर्बांधणीच्या काळातला नामांकित दाखला जपानचा आहे. पुढे सोनी झालेल्या टोकियोच्या छोट्या कंपनीने १९५३ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिककडून ट्रान्झिस्टरचा परवाना २५,००० डॉलरला घ्यायचे ठरवले. पण एवढे डॉलर बाहेर पाठवायला सरकारची परवानगी लागली आणि ती मिळेपर्यंत बराच काळ गेला. आपल्याकडे आज ती अडचण नाही. डिसेंबर २००९ पासून रॉयल्टी आणि तंत्रज्ञान शुल्कासाठी सरकारची आगाऊ मंजुरी लागत नाही, रकमेवरही मर्यादा नाही.

कर मात्र आहे. परदेशी कंपनीला दिलेल्या रॉयल्टीवर आपल्या कायद्याने २० टक्के आणि वर अधिभार कापावा लागतो, २०२३ च्या अर्थसंकल्पापूर्वी हा दर १० टक्के होता. भारत आणि युक्रेन यांच्यातल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारात तो १० टक्के आहे. तो मिळवायचा तर समोरच्याने आपल्या देशाचा कर-रहिवासी दाखला द्यायला हवा आणि रॉयल्टीचा खरा लाभार्थी तोच असायला हवा. एस्टोनियाची किंवा अमेरिकेची कंपनी सही करणार असेल तर त्या देशाशी झालेला करार बघायचा. याशिवाय परदेशातून सेवा घेतली म्हणून रिव्हर्स चार्जने जीएसटी तुम्हीच भरायचा. सनदी लेखापालाला सही झाल्यावर बोलावण्यात अर्थ नाही, कराचा बोजा कुणाचा हे वाटाघाटीतच ठरते.

सातवी पायरी: करारातली ती चार-पाच कलमे

नमुना करार इंटरनेटवर ढिगाने मिळतात. पण पुढची कलमे स्वतः बसून लिहा.

फोर्स मेज्योरचे, म्हणजे हाताबाहेरच्या आपत्तीमुळे काम अडले तर काय, याचे कलम सगळ्यात आधी. युक्रेनच्या वाणिज्य आणि उद्योग मंडळाने २८ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वसाधारण पत्र काढून युद्ध ही अपरिहार्य आपत्ती असल्याचे प्रमाणित केले. सुरुवातीला प्रत्येक जण तेच पत्र पुढे करी. नंतर तिथल्या न्यायालयांनी सांगितले की नुसते पत्र पुरेसे नाही, युद्धामुळे हेच काम नेमके कसे अडले ते दाखवावे लागेल. पुढे मंडळाने ते पत्र संकेतस्थळावरून काढूनही टाकले. शिवाय आज करार करणाऱ्याला युद्ध ठाऊकच आहे, त्यामुळे ‘युद्ध’ हे कारण अनपेक्षित म्हणता येत नाही. म्हणून प्रसंग नावानिशी लिहा: इतक्या दिवसांहून अधिक वीज नसणे, कार्यालय किंवा प्रयोगशाळा नष्ट होणे, नाव दिलेल्या व्यक्तीची भरती. प्रत्येकासमोर मुदत किती वाढेल आणि कधीपर्यंत, तेही लिहा.

सुधारणांचे कलम दुसरे. तुमचे कारागीर आणि अभियंते तंत्रात बदल करणारच. त्या बदलांचा एकाधिकार परत मूळ मालकालाच द्यायचा, अशी अट आपल्या पेटंट कायद्याच्या कलम १४० नुसार बेकायदा आहे. समोरच्या वकिलाला हे ठाऊक नसते, शांतपणे दाखवून द्या. त्याऐवजी दोघांनी एकमेकांना एकाधिकाराविना वापर द्यावा, हे न्याय्य आहे. पुनर्बांधणीचा मुद्दा इथेच बसतो: तुम्ही इथे स्वस्त केलेली आवृत्ती युक्रेनमध्ये विकायची झाल्यास ती त्यांच्यामार्फत, ठरलेल्या वाट्याने. त्यांना घरच्या बाजाराची हमी मिळते, तुम्हाला प्रवेश.

याच सुधारणांबाबत एक धोका आहे. भारतात राहणाऱ्या माणसाने लावलेल्या शोधाचा अर्ज थेट परदेशात करता येत नाही. कलम ३९ नुसार आधी परवानगी घ्यावी लागते, किंवा भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते. नाशिकच्या तुमच्या अभियंत्याने केलेली सुधारणा कीव्हच्या भागीदाराने उत्साहाने तिकडे नोंदवून टाकली तर भारतातला हक्क जाऊ शकतो, वर फौजदारी जबाबदारीही येते. दोन्ही बाजूंच्या अभियंत्यांना हे पहिल्याच बैठकीत सांगा. वकिलांपुरते ठेवू नका.

वादासाठी लवाद ठेवा आणि जागा सिंगापूर किंवा लंडन. तिथले निवाडे भारतातही अमलात आणता येतात आणि युक्रेनमध्येही. कंपनी विकली गेली, विलीन झाली किंवा मालक वारला तर परवाना नव्या मालकावर बंधनकारक राहील, हे वाक्य विसरू नका. आणि दोन भाषांत करार असेल तर कोणती भाषा प्रमाण ते एका ओळीत लिहा.

सही झाल्यावर

पेटंटचा परवाना लेखी हवा आणि भारतातले पेटंट असेल तर त्याची नोंद आपल्या पेटंट नियंत्रकाकडे करायला हवी. नोंद नसलेला दस्त पुढे न्यायालयात पुरावा म्हणून चालवताना अडचण येते. युक्रेनमध्ये परवान्याची नोंद ऐच्छिक आहे, तरी करून घ्या, कारण पुढे तो हक्क कुणी विकत घेतला तर तुमचे नाव नोंदवहीत दिसते. महाराष्ट्रात सही करणार असाल तर मुद्रांक शुल्काची विचारणा आधी करा. शोध भारतात प्रत्यक्ष वापरला जातो आहे याचे विवरण फॉर्म २७ मध्ये द्यायचे असते. २०२४ पासून ते तीन आर्थिक वर्षांतून एकदा द्यावे लागते आणि परवानाधारकालाही ते लागू आहे.

पेटंटचे वार्षिक शुल्क भारतात कोण भरणार हे करारात असतेच. तरी पहिली काही वर्षे ते तुम्हीच भरा आणि रॉयल्टीतून वळते करा, म्हणजे तिकडची बँक बंद पडली किंवा शुल्क भरणारा माणूस गावात नसला तरी इथला हक्क चालू राहील.